मुकादमाचं झाड

झाडांवर जीव लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. झाडांना ओवाळणारी, त्यांना गाणी ऐकवणारी, बुंध्याला मिठी मारून फोटो काढून घेणारी, सगळी पाहिली. पण झाडांना धाकात ठेवणारी बाई आख्ख्या जन्मात मी एकच पाहिली, आणि रेक्टरबाईंनी खोल्या वाटताना काय विचार केला कोण जाणे, ती नेमकी माझ्या वाट्याला आली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकला पेठ रोडच्या अंगाला आमच्या कॉलेजचं मुलींचं हॉस्टेल होतं, आणि तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही दोघींनी तीन वर्षं काढली. ती देवळ्याकडच्या कांदेवाल्यांच्या घरातली, मी मालेगावच्या मास्तरांच्या घरातली. तिला उजाडायच्या आत उठायची सवय, मला दुसऱ्याने पांघरूण ओढल्याशिवाय न उठायची. त्यामुळे तिचा दिवस माझं पांघरूण ओढण्यापासून सुरू व्हायचा आणि माझा तिला शिव्या घालण्यापासून. अशा पायावर उभी राहिलेली मैत्री सहसा पडत नाही, एवढं मी अनुभवाने सांगते.

दिसायला ती अशी, की पहिल्या दिवशी मला वाटलं हॉस्टेलची पाण्याची मोटर दुरुस्त करायला कुणीतरी आलं आहे. बुटकी, सावळी, ठसठशीत. पंजाबी ड्रेसवर भावाचा जुना फुल शर्ट, ओढणी कमरेला आवळून बांधलेली, हातात काही ना काही अवजार. खुरपं नसेल तर निदान झाडू. आवाज असा, की दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींना निरोप द्यायचा असला की रेक्टरबाई घंटा वाजवायच्या भानगडीत न पडता हिलाच सांगायच्या. मुली तिला मुकादम म्हणायच्या. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि शेवटी तर तिच्या घरचा फोन आला तरी जिन्यातून 'मुकादम, फोन' अशी आरोळी जायची. तिच्या वडिलांनी एकदा ती ऐकली आणि विचारलं, की मुलींच्या हॉस्टेलवर मुकादम कशाला ठेवलाय. 'त्याशिवाय कामं होत नाहीत ना, आण्णा,' ती म्हणाली. आण्णांना ते लगेच पटलं.

तिच्या ह्या स्वभावाला मोकळं रान मिळालं ते कॉलेजच्या वृक्षमित्र मंडळात. मंडळाचं काम करणाऱ्या मुलीला वर्षाअखेर दहा मार्क वाढवून मिळायचे, आणि दहा मार्कांसाठी आम्ही झाडंच काय, विजेचे खांबही लावले असते. हॉस्टेलच्या मागे मुरमाड उतार होता. तिथे गवतसुद्धा नाइलाज म्हणून उगवायचं. बॉटनीच्या मॅडमनी ठरवलं की ह्या उतारावर झाडं लावायची, पण इथलीच, ह्या मातीतली: शिवण, बहावा, पळस, करंज, काटेसावर, मोह. रोपवाटिकेतून काळ्या पिशव्यांमधली रोपं आली आणि प्रत्येकीला एकेक झाड नेमून दिलं गेलं. माझ्या वाट्याला मोह आला. त्यावर वर्षभर ज्या कोट्या झाल्या त्या इथे सांगत नाही, कारण एकही धड नव्हती. मुकादमला शिवण मिळाली. सरळ, सडपातळ, पांढुरक्या सालीचं रोप, अंगठ्याएवढ्या जाडीचं. मग बॉटनीच्या मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि कुणी न नेमता मंडळ मुकादमच्या हातात आलं. तेव्हापासून दहा मार्क आम्हाला महाग पडायला लागले.

वृक्षारोपणाच्या दिवशीच ह्याची चुणूक मिळाली होती. कुणी एक मोठे पाहुणे आले होते. एका रोपाला सगळ्यांचे मिळून सहा-सात हात लागले, सगळी तोंडं कॅमेऱ्याकडे, आणि त्या गडबडीत रोप काळ्या पिशवीसकट खड्ड्यात गेलं. टाळ्या झाल्या. मुकादम घमेलं घेऊन बाजूला उभी होती आणि तिचा एक डोळा बारीक होत चाललेला मला दिसत होता. पाहुणे चहा आणि बटाटेवड्याकडे वळले, तशी हिने खड्ड्यात हात घालून रोप बाहेर ओढलं. पाहुणे आपला गॉगल दगडावर विसरले होते, ते तेवढ्यात परत आले. त्यांनी पाहिलं तर त्यांनी लावलेलं झाड एक मुलगी उपटून मांडीवर घेऊन बसली आहे. 'हे काय चाललंय?' त्यांनी विचारलं. ही खाली मान घालून पिशवी फाडत म्हणाली, 'काही नाही सर, कपड्यांसकट आंघोळ घातलीत तुम्ही त्याला.' पाहुण्यांनी गॉगल लावला, काही न ऐकल्यासारखं केलं आणि वडे खायला गेले.

झाडांशी प्रेमाने बोललं की ती छान वाढतात, असं तिनं कुठेतरी वाचलं होतं आणि ते तिला मुळीच पटलं नव्हतं. 'गोड बोलून आमच्याकडे कधी कांदा निघाला नाही,' ती म्हणायची. त्यामुळे रोज सकाळी बादली आपटत ती उतारावर चढायची आणि एकेका झाडाचा पाणउतारा करत पाणी घालत जायची. चिडली की तिची भाषा नाशिक सोडून थेट देवळ्याला पोचायची. 'काय व्हयनं रे तुले?' ती बहाव्यासमोर वाकून विचारायची. 'तो पळस बघ, दोन नवी पानं काढली त्यानं. तू काय काढलंस? लाज?' मी मालेगावची असल्याने मला अहिराणी सगळी कळायची, बाकीच्या मुली नुसत्या आवाजावरून थरथरायच्या. माझ्या मोहासमोर मात्र ती फार वेळ घालवत नसे. 'मालकिणीवर गेलाय,' एवढं म्हणून पुढे जायची. एकदा एका मुलीची आई भेटायला आली होती. तिनं खिडकीतून हा सगळा उद्धार ऐकला आणि मुलीला विचारलं, 'कोण गं ती बिचारी? एवढं ऐकून घेते आणि उलटून एक शब्द नाही.' ती काटेसावर आहे असं मुलीने सांगितल्यावर त्या माउलीने दुसऱ्या हॉस्टेलची चौकशी सुरू केली.

पाण्याच्या बाबतीत तर तिने आमचं जगणं मुश्कील करून ठेवलं होतं. मेसमध्ये तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, पाण्याच्या कूलरखालच्या ताटलीतलं पाणी, सगळं तिच्या बादल्यांत जमा व्हायचं. ग्लासात घोटभर पाणी उरवून कुणी उठली की मागून आवाज यायचा, 'ते कोण पिणार?' पाहुण्या म्हणून आलेल्या एका प्राध्यापिकाबाईंनाही तिने ते विचारलं आणि त्या बाईंनी घाबरून ते पिऊन टाकलं. ती शांतपणे म्हणाली, 'झाडाला घातलं असतं तरी चाललं असतं, मॅडम.'

देशी झाडांचं खूळ तर इतकं डोक्यात गेलं होतं की एप्रिलच्या उन्हात ती गुलमोहराच्या सावलीला उभी राहायची नाही. परदेशी आहे म्हणे. कॉलेजच्या फाटकाशी गुलमोहर होता आणि त्याच्याखाली जी काय प्रेमप्रकरणं जमायची ती टिकत नाहीत ह्याचं कारणही तिनं शोधून ठेवलं होतं. 'ते झाड मादागास्करचं. त्याला इथल्या माणसांचं काय कळतंय?' मग एके दिवशी कुणीतरी तिला सांगितलं की बटाटा, टोमॅटो, मिरची, पेरू, सीताफळ, हे सगळंच बाहेरून आलेलं आहे. त्या दिवशी मेसमध्ये बटाट्याची भाजी होती, ती तिनं बाजूला सारली आणि नुसता वरणभात खाल्ला. वरणात मिरची होती हे आम्ही तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळ खायला आम्ही बाहेर गेलो तेव्हा तिनं तर्री दोनदा मागून घेतली आणि निकाल दिला, 'पोटात गेलं की आपलं. मातीत गेलं की मात्र चौकशी करायची.' तेव्हापासून हा नियम झाला आणि त्यावर चर्चा बंद झाली.

उताराच्या पलीकडे एक म्हातारी राहायची. तिच्या शेळ्यांना आमचं वृक्षारोपण म्हणजे त्यांच्यासाठीच घातलेली पंगत वाटायची. पहिल्याच महिन्यात त्यांनी दोन करंज आणि एका मुलीची वाळत घातलेली ओढणी खाल्ली. करंज मंडळाचे होते, म्हणून मुकादम भांडायला निघाली. ओढणीचं तिला काही नव्हतं. आम्ही चार-पाच जणी मागून, भांडण बघायला. मुकादम दारातूनच कडाडली, 'आजी, शेळ्या बांधा तुमच्या. पोरी वरपर्यंत पाणी वाहतात.' म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'बांधते ना. बांधल्यावर चारा तू आणून देशील का?' हा प्रश्न मुकादमला अपेक्षित नव्हता. ती ओट्यावर बसली. अर्ध्या तासाने दोघी चहा पीत होत्या आणि ठरलं होतं असं, की मंडळातल्या मुलींनी उतारावरचं गवत कापून शेळ्यांना द्यायचं आणि म्हातारीने झाडांसाठी लेंडीखत द्यायचं. म्हणजे भांडायला गेलेली ही बाई आमच्यामागे गवत कापायचं काम लावून परत आली. मी कुरकुर केली तर म्हणाली, 'शेळी खाते तेव्हा दुश्मन, हगते तेव्हा आपली. तुझं काय, तू नुसती खातेस.' मी विळा शोधायला गेले.

असं दटावत, दरडावत, लेंड्या घालत तिनं पावसाळा काढला, दिवाळी काढली. झाडं गुडघ्याच्या वर आली. आम्हालाही त्यांची गोडी लागली होती, पण तसं कबूल केलं तर आणखी काम लागेल म्हणून आम्ही तोंडं वाकडी करून काम करायचो. आणि मग संक्रांत गेल्यावर झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली. आधी शिवणीची गेली, मग काटेसावरीची, मग एकेकाची. फेब्रुवारी संपेपर्यंत आख्ख्या उतारावर नुसत्या काड्या उभ्या. मुलींना वाटलं झाडं मेली. दोघी-तिघी तर रडल्या. मुकादम म्हणाली, 'रडता कशाला? ह्यांची रीतच ती. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं टाकतात, झोपतात, पाऊस यायच्या आधी उठतात. तुमच्यासारखी बारा महिने चरत नाहीत.' तिच्यावर कुणाचा विश्वास बसला आणि कुणाचा नाही हे सांगता येत नाही, कारण तिच्यावर विश्वास नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पण प्राचार्य मॅडमची होती. जूनमध्ये कॉलेज तपासायला कसलीशी समिती येणार होती आणि त्या समितीला हिरवंगार आवार दाखवायचं असं मॅडमनी ठरवलं होतं. त्या उतारावर आल्या, काड्यांकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'ही मेलेली झाडं काढून टाका. उन्हाळ्यात नीलगिरी लावू, बारमाही हिरवी राहते.' नीलगिरी म्हटल्याबरोबर मुकादमचा रंग उतरला. आम्ही तिला प्रथमच घाबरलेलं पाहिलं.

'मॅडम, ही मेलेली नाहीत. झोपलीत.'

'कॉलेजमध्ये झोपायला आणलीत का?'

मुकादमने मग सगळ्यांसमोर आपल्या शिवणीजवळ उकिडवं बसून, अंगठ्याच्या नखाने साल इवलीशी खरवडली. आतून ओलं, पोपटी हिरवं दिसलं. 'बघा मॅडम. जित्तं शे,' ती म्हणाली. घाबरल्यामुळे मराठी सुटली होती. मॅडमनी चष्म्यातून वाकून बघितलं. त्यांनाही ते हिरवं बघून बरं वाटलं असावं, पण प्राचार्यांना तसं दाखवता येत नाही. 'समिती आली की मी प्रत्येक झाडाला नख लावून दाखवत बसू का?' त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'ठीक आहे. जूनमध्ये कॉलेज उघडेल त्या दिवशी ज्याला पानं असतील ते राहील. नसतील ते जाईल.' मुकादम ताडकन उभी राहिली. 'ज्याला नसतील ते मी माझ्या हाताने उपटीन, मॅडम.' हे बोलायची काही गरज नव्हती. पण गरज नसताना बोलली नसती तर ती मुकादम कसली.

मॅडम गेल्यावर तिनं सगळ्यांना तिथेच बसवून दम भरला. हे नख लावणं आज एकदाच, नाइलाज म्हणून. परत कुणी झाडाला नख लावलं तर तिची गय नाही. साल म्हणजे झाडाचं कातडं, अन्नपाणी तिथूनच फिरतं, रोज ओरबाडलं तर झाड राहील का? आमच्या माना हलल्या. कुणाची हिंमत होती?

मग परीक्षा आल्या. कॉलेजच्या इमारतीकडे जायची वाट उतारावरूनच होती, सगळ्यात पुढे मुकादमची शिवण. परीक्षेच्या दिवसांत ती स्वतः पहाटेच पाणी घालून सगळ्यांच्या आधी वर्गात जाऊन बसायची, कारण उशीर झालेला तिला खपत नसे. एक दिवस तिनं मला दाखवलं, शिवणीच्या बुंध्याला कुणीतरी ओल्या मातीचा जाड लेप लावला होता. मुकादमला इतकं कौतुक वाटलं की विचारू नका. 'मंडळात एक तरी शहाणी निघाली. मातीने मुंग्या लागत नाहीत, गारवाही राहतो.' लेप रोज ताजा दिसायचा. कोण लावतं ते काही कळलं नाही आणि तिनंही खोदून विचारलं नाही. चांगलं काम करणारीला नाव विचारलं की ती शेफारते, असं तिचं मत होतं.

परीक्षा संपल्या आणि मुली घरोघर गेल्या. मी कॉम्प्युटरच्या क्लाससाठी थांबले. मुकादमने घरी कळवलं की प्रॅक्टिकल राहिलं आहे. ती आर्ट्सला होती. पण शेतात उन्हाळ कांद्याची गडबड चालू होती, त्यात आण्णांच्या ते लक्षात आलं नाही. सबंध मे महिना आम्ही दोघी आणि रेक्टरबाई एवढ्याच त्या हॉस्टेलमध्ये होतो. क्लासहून आले की माझ्या हातात बादली यायची. मी म्हणायचे, 'झोपलेल्याला कशाला पाणी पाजायचं?' ती म्हणायची, 'तुला झोपेत तहान लागत नाही का?'

आणि खरंच एकेक उठायला लागलं. आधी काटेसावरीला टोकाशी कोंब दिसले. मग पळसाला मऊ पानं आली. बहावा उठला. माझ्या मोहाला तांबूस पालवी फुटली तेव्हा मी धावत खाली जाऊन तिला बोलावून आणलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, 'मालकिणीच्या आधी उठला हा.' पण तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्यांच्या शिवणीही फुटल्या, मोठी मोठी, बदामासारख्या आकाराची पानं. फक्त तिची काडी तशीच राहिली. शेजारचं झाड हिरवं, पलीकडचं हिरवं, आणि मधे तेवढीच ती एक काडी, पायाशी मातीचा वाळलेला लेप घेऊन.

'नख लावून बघ की एकदा,' मी तिला म्हटलं.

'नाही. सगळ्यांना नको म्हणून सांगितलंय आणि मी लावू?'

'अगं, पण कळेल तरी.'

'झोपाळू आहे. उठेल,' ती म्हणाली. पण जूनच्या तोंडाशी ती त्या झाडाला रागावायची बंद झाली. नुसती पाणी घालून शेजारी बसून राहायची. मला ते बघवत नसे. दुसऱ्याला बोलणी खाताना बघून आपल्याला इतकं बरं वाटत असेल, हे मला ती बंद झाल्यावर कळलं.

कॉलेज उघडलं त्या दिवशी मुली बॅगा खोलीत टाकून थेट उतारावर पळाल्या. काय तो गलका. प्रत्येकीला आपलं झाड ओळखू येत होतं आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच सगळ्यात मोठं आहे. मॅडम आल्या. हिरवा उतार बघून त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. 'नीलगिरीचं राहू दे आता,' त्या म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग त्यांचं लक्ष त्या काडीकडे गेलं आणि ते झाड कुणाचं हे त्यांना आठवलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, 'राहू दे गं ते एक. एखाद्याने काही बिघडत नाही.'

'नाही मॅडम. शब्द दिला होता,' मुकादम म्हणाली आणि खाली वाकली.

उपटायला जोर लागलाच नाही. वाळलेली मुळं मुरमातून सरळ वर आली आणि त्या हिसक्याने बुंध्यावरचा मातीचा लेप गळून पडला. मी तिच्या शेजारी कुदळ घेऊन उभी होते. आम्ही दोघींनी एकदमच बघितलं. लेपाखाली साल नव्हती. बुंध्याभोवती सगळीकडून, बांगडी घालावी तशी, साल खरवडून गेलेली होती, आणि त्यावर नखांचे बारीक बारीक ओरखडे होते. एकावर एक, कितीतरी.

तेवढ्यात मागून एकजण अगदी रडवेल्या आवाजात म्हणाली, 'पण परीक्षेपर्यंत तर जिवंत होतं गं हे. इंग्लिशच्या पेपरला जाताना मी स्वतः बघितलं, हिरवं होतं.'

'इकॉनॉमिक्सलाही होतं,' दुसरी म्हणाली. 'मी बघूनच गेले होते. म्हणून तर पेपर सोपा गेला.'

'हिस्टरीला जरा कमी हिरवं होतं,' तिसरी म्हणाली, 'पण होतं.'

म्हणजे झालं होतं ते असं. परीक्षेला जाताना प्रत्येकीला धास्ती, की आपलं झाड जिवंत आहे की नाही. स्वतःच्या झाडाला नख लावायचं तर जीव होत नव्हता. मग सगळ्यात सोयीचं काय, तर वाटेवरची मुकादमची शिवण. तिचं झाड जिवंत तर आपलंही जिवंत असणार, कारण तिच्यापुढे मरायची कुणाची टाप आहे, असा ह्या शहाण्यांचा हिशोब. हळूहळू त्याचा शकुनच झाला. हिरवं दिसलं की पेपर चांगला जातो. प्रत्येक पेपरला प्रत्येकीने, दुसरीला न सांगता, एकेकदा नख लावलं आणि मुकादमला दिसू नये म्हणून वर मातीचा लेप दिला. प्रत्येकीला वाटत होतं, आधीचा लेप मुकादमचाच आणि नख लावणारी आपण एकटीच. मी त्यात नव्हते, पण त्याचं श्रेय घेण्यासारखं काही नाही. पेपरला जायला मला नेहमीच उशीर व्हायचा, शकुन बघायला वेळ कुठला.

आत्तासुद्धा त्या उभ्या उभ्या साक्षी देत होत्या आणि एकीलाही अजून उमगलं नव्हतं. मुकादमच्या हातात ती काडी होती. मला वाटलं, आता हिचा आवाज फुटणार आणि पार पंचवटीत ऐकू जाणार. तिनं मुलींकडे एकदा नजर फिरवली. मग तो खरवडलेला भाग मुठीत धरला, घट्ट, आणि म्हणाली, 'वाळवी लागली होती. मुळातून खाल्लं.'

मुली हळहळल्या. वाळवीला शिव्या घालून झाल्या. एकीने आपलं झाड मुकादमला द्यायची तयारी दाखवली, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच, आणि त्यावरून त्यांच्यात भांडण लागलं. मॅडमनी तातडीने वाळवीची पावडर मागवली, आणि पुढचे दोन दिवस आम्ही एकाही झाडाला नसलेल्या वाळवीचा बंदोबस्त करत बसलो. मुकादम स्वतः पावडर टाकत पुढे, आम्ही मागे. मध्येच तिनं एका मुलीला 'जास्त टाकू नकोस, आहे का त्याला काही?' म्हणून झापलंही.

झाड उपटलं त्या दुपारी खोलीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. दिवसा पडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मी कॉटवर तिच्या पायाशी बसले आणि विचारलं, 'सांगितलं का नाहीस त्यांना? सगळ्यांनी मिळून मारलं तुझं झाड.'

ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, 'सांगितलं असतं तर परत हात लावला असता का त्यांनी कुठल्या झाडाला? घाबरल्या असत्या. अजून दोन उन्हाळे काढायचेत ह्या पोरींकडून.'

आणि मग ती रडली. मोठ्याने नाही. तो आवाज तिच्याकडे होता हे मला माहीतच नव्हतं. मला त्या क्षणी तिची इतकी माया आली की काय करावं कळेना. शेवटी मी उठले, बादली घेतली आणि कुणी न सांगता उतारावर पाणी घालायला गेले. माझ्याकडून त्याहून मोठं काही होण्यासारखं नव्हतं.

पुढचे दोन्ही उन्हाळे तिनं पोरींना दरडावून, हाकलून, शिव्या घालून पार पाडले. स्वतःसाठी दुसरं झाड मात्र लावलं नाही. लग्न होऊन ती सटाण्याकडे गेली, तिथेही कुणाकुणाला धाकात ठेवून आहे. एखाद्या वर्षी आम्ही जुन्या मुली नाशिकला जमतो. आता हे लिहिलं म्हणजे गुपित फुटलंच, पण आमच्यातल्या कुणालाही वाचनाचा नाद नाही, तेव्हा तशी काळजी नाही. उतारावर दाट सावली झाली आहे, डबे तिथेच सोडतो. माझा मोह चांगला बाळसेदार झाला आहे. प्रत्येकजण आपापल्या झाडाच्या बुंध्यावर हात फिरवून येते. मुकादम मधे बसते, जो डबा पुढे येईल त्यातलं खाते. मग कुणीतरी हमखास म्हणतं, 'मुकादम, तुझी शिवण तेवढी राहायला हवी होती गं. त्या मेल्या वाळवीने घात केला.'

मी खाली बघून भाकरी मोडत राहते. मुकादम घास गिळते, सगळ्यांकडे बघते आणि म्हणते, 'हो ना. त्या साली वाळवी लय होती.'